संघयात्रा आणि श्वसनाचे आजार : भाविकांसाठी काही आवश्यक माहिती

आषाढीच्या वारीस निघणारा भाविक पायांना फोड येतील, पावसात भिजावे लागेल, उघड्यावर निजावे लागेल, एवढी तयारी मनाशी करूनच घराबाहेर पडतो. वळकटीत घोंगडी असते, प्लास्टिकचा कागद असतो, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतात. सर्दी-खोकल्याची तयारी मात्र सहसा कोणी करीत नाही. 'वारीत खोकला यायचाच' असे म्हणून तो विषय संपविला जातो. वस्तुतः शेकडो माणसे अठरा-वीस दिवस एकत्र चालतात, एका पंगतीत जेवतात, एका राहुटीत निजतात, तेव्हा खोकल्याचा आजार ही एका व्यक्तीची बाब राहत नाही. ती साऱ्या दिंडीची बाब होते. हे आजार पसरतात कसे आणि ते आटोक्यात ठेवण्यासाठी भाविक, दिंडीप्रमुख व दाते यांना काय करता येण्याजोगे आहे, याची माहिती येथे दिली आहे. विवेचनासाठी आळंदी ते पंढरपूर हा सर्वपरिचित मार्ग घेतला आहे. तथापि बसने अष्टविनायक, तुळजापूर किंवा चारधाम यात्रेस जाणाऱ्या मंडळींनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

पूर्वीच्या साथी

यात्रा आणि साथ यांचा संबंध नवा नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेचे मोठे भय म्हणजे पटकी. तो रोग दूषित पाण्यातून पसरणारा होता. म्हणून शुद्ध पाणी, शौचालयांची सोय आणि यात्रेकरूंना लस टोचणे या उपायांनी त्यास पुढे आळा बसला. आज वारीमार्गावर ठिकठिकाणी टँकर उभे दिसतात, पाण्यात औषध टाकलेले असते, त्यामागे तो सारा कटू अनुभव आहे.

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाचे तसे नाही. पाणी गाळता येते, उकळता येते. हवा एकाने सोडायची आणि दुसऱ्याने घ्यायची, हा व्यवहार क्षणभरही थांबविता येत नाही. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ देशात शिरली. जुन्या पिढीने तिला 'मानमोडी' असे नाव दिले होते. आगगाडीने प्रवास करणाऱ्यांबरोबर ती गावोगाव गेली आणि त्या वर्षीच्या दुसऱ्या, अधिक तीव्र लाटेसह देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यापूर्वी, मुंबईत १८९६ मध्ये प्लेग सुरू झाल्यानंतर, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा करण्यात आला आणि आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी करण्याचे अधिकार सरकारने घेतले. १२३ वर्षांनंतर, २०२० मध्ये, करोनाच्या साथीत याच कायद्याचा आधार घेण्यात आला, हे अनेकांना ठाऊक नसेल.

२००९ सालचा स्वाईन फ्लू तर पुणेकरांच्या चांगलाच स्मरणात आहे. त्या आजाराने देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ च्या प्रारंभी पुण्यात झाला. त्या वर्षी गणेशोत्सवाच्या तोंडावर शहरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. आषाढी त्या वर्षी ३ जुलैस होऊन गेली होती. साथ काही आठवडे अगोदर पेटली असती तर पालख्यांचा पुण्यातील मुक्काम ऐन साथीत आला असता. पुढे २०२० मध्ये तोच प्रसंग आला, तेव्हा पायी वारी न करण्याचा निर्णय झाला. मानाच्या पालख्यांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या आणि १ जुलै २०२० ची एकादशी लाखो वारकऱ्यांनी आपापल्या घरी साजरी केली. २०२१ मध्येही तसेच घडले. पायी वारी पूर्ववत सुरू झाली ती २०२२ मध्ये.

त्या दोन वर्षांविषयी पुढे पुन्हा लिहावयाचे आहे. कारण वारीतील आजाराचा सर्वांत अवघड प्रश्न वैद्यकीय नसून नेमाचा आहे.

रोग पसरतो कसा

खोकताना व शिंकताना तोंडावाटे थेंब उडतात, हे सर्वांना दिसते. हे मोठे थेंब दोन-तीन हातांच्या अंतरात खाली पडतात. परंतु बोलताना, हसताना, गाताना आणि नुसता श्वास सोडतानाही अत्यंत सूक्ष्म कण बाहेर पडत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत बराच वेळ तरंगत राहतात. उदबत्तीचा धूर मोकळ्या अंगणात क्षणात विरून जातो, पण दार लावलेल्या देवघरात साचतो. या कणांचे वर्तन नेमके त्या धुरासारखे आहे. म्हणून आजारी माणूस किती जवळ आहे याइतकाच, तो कोणत्या जागेत आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

याचे एक बोलके उदाहरण १९७७ मधील आहे. अमेरिकेतील अलास्का प्रांतात ५४ जणांचे एक विमान यंत्रातील बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवरच अडकून पडले. त्या वेळात हवा खेळविणारी यंत्रणा बंद होती आणि बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले. त्यांपैकी एका व्यक्तीस फ्लू झालेला होता. पुढील तीन दिवसांत शंभरातील बहात्तर प्रवासी आजारी पडले. काचा लावून, वातानुकूलन यंत्राची तीच ती हवा फिरवीत, रात्रभर धावणारी यात्रेची बस आणि ते विमान यांत फारसा फरक नाही.

दुसरे उदाहरण गायनाचे आहे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायन मंडळाची सुमारे अडीच तास तालीम झाली. ६१ जण उपस्थित होते, त्यांपैकी एकास सर्दीसारखी लक्षणे होती. नंतर ५३ जणांना करोना झाल्याचे निश्चित झाले किंवा तसा दाट संशय आला, आणि दोघांचा मृत्यू झाला. उंच स्वरात गाणारा मनुष्य साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक कण हवेत सोडतो आणि तितकाच खोल श्वास आत घेतो. भजन-कीर्तन हा ज्या संप्रदायाचा प्राण आहे, त्याने यावरून घ्यावयाचा बोध 'भजन करू नये' असा मुळीच नव्हे. भजन उघड्यावर करावे, एवढाच तो आहे. चालत्या दिंडीत, माळावर, वाळवंटात टाळमृदंगाच्या गजरात जे भजन होते त्यात धोका फारच थोडा. कारण वारा सारे उडवून नेतो. तेच भजन पाऊस आला म्हणून शाळेच्या एका खोलीत, खिडक्या लावून, साठ माणसांनी रात्री अकरापर्यंत केले, तर गोष्ट वेगळी होते. वाळवंटातील कीर्तनाची परंपरा रोगाचा विचार करून पडलेली नाही, पण ती आरोग्यास उपकारकच आहे.

पावसात भिजल्याने ताप येतो, वारा लागल्याने छातीत कफ होतो, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे बसमध्ये कोणी खोकू लागला की पहिले काम काय होते, तर 'वारा बाधेल' म्हणून सर्व खिडक्या लावल्या जातात! नुसत्या भिजण्याने फ्लू होत नाही. त्यासाठी विषाणूची गाठ पडावी लागते. भिजल्यानंतर सर्वजण दाटीवाटीने एका बंद जागेत येऊन बसतात आणि तेथे ही गाठ पडते. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य हंगाम पावसाळ्यातच असतो आणि आषाढीची वारी नेमकी त्याच्या आरंभी येते, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

हात आणि वस्तू यांवाटेही रोग पसरतो, तथापि श्वासाच्या मानाने कमी. फ्लूचे विषाणू धातू व प्लास्टिक यांच्या पृष्ठभागावर एक-दोन दिवस तग धरू शकतात. बारीतील लोखंडी कठडे, पाण्याच्या टाकीचा नळ, पंगतीतील वाढण्याचे डाव, एकाच्या तोंडचा दुसऱ्याने घेतलेला पेला ही त्याची ठिकाणे. भांडे ओठांस न लावता वरून पाणी पिण्याची जुनी रीत आता तरुण मंडळी विसरत चालली आहेत. ती टिकविणे योग्य होईल.

एका दिंडीचा हिशेब

फ्लूची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः एक ते चार दिवस जातात; बहुधा दोन. लक्षणे दिसण्यापूर्वी एक दिवसापासून तो मनुष्य दुसऱ्यास रोग देऊ लागतो आणि त्यानंतर पाच ते सात दिवस देत राहतो. हे आकडे वारीच्या मुक्कामांवर मांडून पाहिले म्हणजे परिस्थिती स्पष्ट होते.

श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात विसावते, परंतु दिंड्यांतील वारकरी शहरभर शाळांत, धर्मशाळांत, मंडळांच्या जागांत आणि भाविकांच्या घरी उतरतात. संपूर्ण वाटेवर एवढ्या मोठ्या संख्येने बंद खोल्यांत निजण्याचा प्रसंग प्रामुख्याने येथेच येतो आणि शहरातील माणसांशी एवढा निकट संबंधही येथेच येतो. पहिल्या रात्री एका वारकऱ्यास बाधा झाली असे समजू. दिवे घाट चढताना त्यास काहीही जाणवणार नाही. फार तर अंग जड वाटेल, तेही घाटाच्या चढामुळे असे तो म्हणेल. सासवडच्या मुक्कामी कणकण येईल. तोवर घाटात शेजारून चालणाऱ्याला नसली तरी सासवडच्या राहुटीत शेजारी निजणाऱ्याला बाधा झालेली असेल. ते लोक वाल्हे-लोणंदच्या सुमारास खोकू लागतील, त्यांच्याकडून पुढचे फलटणला, त्यानंतरचे नातेपुते-माळशिरसच्या टापूत. केवळ हिशेबापुरते, प्रत्येकाने दोघांना रोग दिला असे धरले, तर एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा आणि सोळाचे बत्तीस होतात. दोनशे माणसांच्या दिंडीत त्रेसष्ट आजारी घेऊन ती वाखरीस पोहोचते. वाखरीस तर सर्व पालख्या एकत्र येतात.

आता याच हिशेबात सासवडच्या पहिल्या कणकणीस तो वारकरी वेगळा निजला, ट्रकच्या हौद्याऐवजी दुसऱ्या वाहनाने उघड्या खिडकीशी बसून पुढे गेला आणि त्याच्याकडून दोघांऐवजी एकालाच रोग झाला, असे धरून पाहावे. पुढची सारी शाखा निम्म्याने कमी होते. म्हणजे एकतीस जणांना तो आजार होतच नाही. फलटणला औषधांच्या पेट्या उघडून हे साधत नाही. ते सासवडलाच साधावे लागते.

आजार लपविण्याचा प्रश्न

आणि नेमके येथेच सारे अडते. नेमाच्या वारकऱ्यास वारी चुकणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसास सांगून कळावयाचे नाही. वडिलांनी चालविलेली वारी, त्यांच्या पश्चात मुलाने चालविलेली. तीस-चाळीस वर्षांत एकदाही खंड नाही. अशा माणसास सासवडला ताप भरला तर तो सांगत नाही. सांगितले तर दिंडीप्रमुख घरी धाडतील ही त्याला धास्ती असते. तो दुकानातून तापाची गोळी घेतो. ताप उतरतो, अंगदुखी थांबते आणि तो पुन्हा विणेकऱ्याच्या मागे टाळ घेऊन उभा राहतो. गोळीने ताप उतरतो, रोग देण्याची शक्ती उतरत नाही. तपासणी नाक्यावरील तापमापकही अशा वेळी काहीच दाखवीत नाही.

म्हणून ज्या दिंडीत आजार सांगण्याची भीती नाही, त्या दिंडीत आजार कमी पसरतो. हे काम डॉक्टरांचे नव्हे. ते दिंडीप्रमुखांचे आणि फडकऱ्यांचे आहे. प्रस्थानाच्या दिवशीच सर्वांना स्पष्ट सांगावे की, ज्यास ताप येईल त्यास वारीतून काढले जाणार नाही. तो पाच दिवस वेगळ्या सोयीने येईल आणि बरा झाल्यावर पुन्हा चालेल. 'माउली, आज तुम्ही मागच्या जीपमध्ये बसा, तुमची पताका आम्ही धरतो,' असे प्रमुखांनी म्हटले की त्या माणसाचा मान राहतो आणि दिंडीही सुरक्षित राहते. 'घरी जा' हा शब्द ज्यास खरोखरच रुग्णालयाची गरज आहे त्याच्यासाठी राखून ठेवावा.

काही ज्येष्ठ वारकऱ्यांचा यावर आक्षेप असतो की, पायी न चाललेले पाच दिवस म्हणजे वारी मोडलीच. या आक्षेपाची टवाळी करणे बरोबर नाही. त्यामागे आयुष्यभराची निष्ठा आहे. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षी प्रत्यक्ष पादुकाच बसने गेल्या. परंपरेच्या धुरिणांनी ते मान्य केले आणि वारी खंडित झाली असे कोणी मानले नाही. गर्दीमुळे बारीत उभे राहणे शक्य नसलेला वारकरी कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततो आणि संप्रदायात त्याचे दर्शन उणे मानले जात नाही. श्रीविठ्ठल मंदिर मार्च २०२० पासून बंद राहून १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडले, तेव्हा मुखदर्शनच होते. पदस्पर्शदर्शन एप्रिल २०२२ मध्ये, गुढीपाडव्यास, पुन्हा सुरू झाले. त्या मधल्या काळात येऊन गेलेल्या भाविकांची यात्रा अपुरी राहिली, असे कोण म्हणेल?

निघण्यापूर्वी

फ्लूची लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते, कारण विषाणूचे रूप बदलत असते. लस टोचल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून प्रस्थानाच्या आदल्या दिवशी घेतलेली लस वारीच्या पूर्वार्धात उपयोगी पडत नाही. मे महिन्यात ती घेतलेली बरी. वय ६० च्या पुढे असणारे, दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी ती अवश्य घ्यावी, व त्याच वेळी न्यूमोनियाच्या लसीविषयीही डॉक्टरांना विचारावे. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असे नव्हे. परंतु झाल्यास तो जिवावर बेतण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.

ज्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे त्याने निघण्यापूर्वी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. क्षयरोग एका भेटीत सहसा लागत नाही, पण वीस रात्री एकाच राहुटीत शेजारी निजणे ही एक भेट नव्हे. दम्याच्या रुग्णांनी आपला श्वासाचा पंप ट्रकमधील पिशवीत न ठेवता खांद्यावरील झोळीत ठेवावा. ट्रक पुढे गेलेला असतो आणि धाप घाटात लागते.

वाटेत आणि मुक्कामी

राहुटीची कनात पाऊस नसताना दोन्ही बाजूंनी वर बांधावी. पाऊस असला तरी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कनात हातभर उघडी ठेवता येते. धर्मशाळेत समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असतील तर हवा वाहते. एकच खिडकी सताड उघडून तेवढा लाभ होत नाही. निजताना शेजाऱ्याच्या डोक्याशी डोके न ठेवता एकाचे डोके व दुसऱ्याचे पाय अशी आडवी-उलटी पथारी घातली तर तेवढ्याच जागेत तोंडांमधील अंतर वाढते. सैन्याच्या बराकींत ही पद्धत फार पूर्वीपासून आहे. दुसऱ्याकडे पाय करून निजणे काहींना प्रशस्त वाटत नाही, हे खरे. आजाराच्या दिवसांत परस्परांनी ते चालवून घ्यावे.

मास्कविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. घाट चढणाऱ्या वृद्धास, उघड्या रस्त्यावर, धाप लागलेली असताना मास्क लावण्याचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. परंतु बसमध्ये, दर्शनमंडपात, बारीच्या बंदिस्त भागात, रुग्णाची शुश्रूषा करताना तो लावलाच पाहिजे. सर्वांत मोठा उपयोग खोकणाऱ्यानेच तो लावल्यास होतो. उपरण्याचे टोक किंवा लुगड्याचा पदर काही नसण्यापेक्षा बरा, पण तो मास्कची जागा घेऊ शकत नाही. ज्याने रुग्णाजवळ रात्र काढावयाची आहे त्याने 'एन-९५' प्रकारचा मास्क चेहऱ्यास घट्ट बसवून वापरावा.

पंगतीपूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. एक छोटा अभंग मनात म्हणून होईतो तेवढा वेळ सहज जातो. वारीत लहान-थोर परस्परांच्या पाया पडतात. तो भाव थोर आहे, म्हणून ते टाळावे असे कोणी सांगणार नाही. पायाला लागलेला हात न धुता तोंडाशी नेऊ नये, एवढेच. ज्यास सर्दी आहे त्याने मात्र दुरून हात जोडावेत. तंबाखू खाऊन मुक्कामाच्या जागी थुंकणे याविषयी अधिक काय लिहावे? वारी माळकऱ्यांची आहे आणि माळकऱ्यास तंबाखू शोभत नाही.

ताप आल्यास

ताप, कोरडा खोकला, घसादुखी व अंगदुखी एकदम सुरू झाली तर तो साधा पडशाचा प्रकार नसून बहुधा फ्लू असतो. रुग्णास वेगळ्या पण हवेशीर जागी ठेवावे, पाणी, पेज, ताक भरपूर द्यावे, आणि त्याचे ताट-पेला वेगळा ठेवावा. शुश्रूषेस एकच व्यक्ती नेमावी. प्रेमापोटी सारी दिंडी भेटीस येऊन बसते, ते टाळावे. फ्लूवरील विशिष्ट औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक गुण येतो, म्हणून वृद्ध व अन्य विकार असलेल्या रुग्णास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'दोन दिवस पाहू' हे त्यांच्या बाबतीत धोक्याचे आहे. मार्गावर शासनाची व सेवाभावी मंडळींची वैद्यकीय पथके असतात. तेथे गेल्यावर 'मला जोराचे इंजेक्शन द्या' असा हट्ट धरू नये. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, बोलण्यात असंबद्धता येणे, उतरलेला ताप पुन्हा जोराने चढणे, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर रुग्णालयच गाठावे. बोटास लावावयाच्या छोट्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९४ हून खाली दिसणे हीही तशीच खूण आहे. विश्रांतीत असताना मोठ्या माणसाचे श्वास मिनिटास तीसच्या पुढे गेले तर यंत्राचीही वाट पाहू नये. घड्याळ लावून छातीची हालचाल मोजणे कोणासही जमते. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो. ठिकाण सांगताना नुसते गावाचे नाव न देता दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढील की रथामागील हे सांगावे. लाखांच्या गर्दीत गावाचे नाव पुरत नाही.

दात्यांसाठी

यात्रेकरूंच्या निवासासाठी देणगी देणारे दाते पुष्कळदा वातानुकूलित दालन बांधून देण्याची इच्छा व्यक्त करतात. त्यामागील भावना स्तुत्य आहे. परंतु पन्नास माणसे निजतील अशा दालनास खिडक्या नसणे आणि तीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरविणे, ही व्यवस्था साथीच्या दृष्टीने सर्वांत वाईट. त्याच रकमेत समोरासमोर मोठ्या खिडक्या, छतालगत हवा बाहेर टाकणारे पंखे, जाळ्या आणि वीज गेल्यास चालणारी सोय इतके सर्व होऊन काही शिल्लक राहते. हवा किती साचली आहे हे दाखविणारे लहान यंत्र मिळते. ते कर्बवायूचे प्रमाण मोजते. बाहेरच्या मोकळ्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कर्बवायू असतो. खोलीत तो हजाराच्या पुढे गेला की खिडक्या उघडण्याची वेळ झाली असे समजावे. असे एक यंत्र प्रत्येक भक्तनिवासात असावयास हरकत नाही.

याहून मोलाची देणगी म्हणजे रुग्णांसाठी एक स्वतंत्र खोली, जिचे दार मुख्य दालनात न उघडता थेट बाहेर उघडते आणि जिला स्वतःचे शौचालय आहे. अशा खोलीवर दात्याचे नाव घालण्यास काहीजण कचरतात. आजाऱ्याच्या खोलीला आपल्या वडिलांचे नाव कसे द्यावे, असे त्यांना वाटते. पण वृद्ध वारकरी रात्री दोन वाजता धापा टाकीत येतो, तेव्हा त्यास त्या नावाखालीच निवारा मिळतो. एखाद्या दिंडीस रुग्णांसाठी एक लहान वाहन वीस दिवस भाड्याने घेऊन देणे हेही अन्नदानाच्या तोडीचे आहे. यंत्रसामग्री देताना तिच्या देखभालीचा खर्चही द्यावा. विद्युतघट संपलेले यंत्र कपाटात शोभेस राहते.

परतल्यानंतर

एकादशी-द्वादशीनंतर परतीच्या बसगाड्या व आगगाड्या तुडुंब भरतात. चालण्याने थकलेले शरीर, ओले कपडे आणि लावलेल्या खिडक्या, अशा स्थितीतील ते पाच-दहा तास संपूर्ण वारीतील सर्वांत जोखमीचे असतात. पण वारी संपली असे मानून सर्व सावधगिरी तेथेच सोडली जाते. तेवढ्या प्रवासात मास्क लावावा आणि निदान दोन खिडक्या उघड्या राहतील असे पाहावे.

गावी पोहोचल्यावर वारकऱ्याच्या पाया पडण्यास घरोघरची माणसे येतात. बुक्का, लाह्या-चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटला जातो, तान्ही मुले त्याच्या मांडीवर दिली जातात. वाटेत एकदाही कणकण आली असेल, किंवा शेजारच्यास खोकला असेल, तर घरी आल्यापासून पाच दिवस तान्ह्या बाळास व अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास जवळ घेऊ नये. प्रसाद घरातील निरोगी व्यक्तीच्या हातून वाटावा. मावंदे घालावयाचे असल्यास ते आठवडाभराने घालावे आणि घरात पंगत न मांडता अंगणात मांडावी. मावंद्यास तिथीचे बंधन नाही. ते श्रावणापूर्वी कोणत्याही सोयीच्या दिवशी घालता येते.